बर्फाचा वापसा

वाटूर फाट्यावर चहा प्यायचा तर माणसाजवळ आभाळाविषयी मत असावं लागतं. राजकारणावर मत नसलं तरी भागतं. लोक समजून घेतात, की याला जिल्हा परिषदेला उभं राहायचंय. क्रिकेटवर नसलं तरी कुणी चहा तोडत नाही. पण वर बघून कुणी "काय वाटतं?" म्हणालं आणि आपण गप्प राहिलो, तर सातबाऱ्यावर याचं नाव तरी आहे का, इथपासून शंका सुरू होते. जालना-मंठा रस्त्यावरची आणि परतूरकडं वळणारी वाहनं इथं थोडी टेकतात, आणि प्रत्येक वाहनातून एक अंदाज खाली उतरतो. मंठ्याकडचा सांगतो, तिकडं बदबदा पडला. परतूरकडचा म्हणतो, नुसतं गरजलं. जालन्याहून आलेला काहीच सांगत नाही. तो शहरातून आलेला असतो. रस्ता ओला होता का कोरडा, हेही त्याला धड आठवत नाही.

साधनांची तर आमच्याकडं रेलचेल. पंचांगात नक्षत्रं आहेत आणि प्रत्येक नक्षत्राला वाहन आहे. बेडूक किंवा म्हैस निघाली की बियाण्याच्या दुकानात गर्दी, गाढव निघालं की सगळे बेत बेताचे. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घट मांडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला निकाल जाहीर होतो आणि आमच्या फाट्यावर पहिल्या चहाबरोबर पोचतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला येतो. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाब डख आहेतच, आणि सेलू म्हणजे आमच्या परतूरच्या बांधाला बांध. शिवाय मोबाइल. हे सगळे एकाच दिवशी एकच गोष्ट सांगू लागले, की मात्र गाव घाबरतं. असं सहसा होत नाही.

आमचे दाजी या सगळ्या साधनांच्या वरचे. ते सगळ्यांचं ऐकतात, मान हलवतात आणि मग मातीत बोट घालतात. अशा माणसाला आक्का काश्मीरला घेऊन गेली, ही २०२५ च्या मार्चमधली गोष्ट. सोबत भाचा होता, संभाजीनगरला इंजिनिअरिंगला असलेला, आणि सामान उचलायला मी.

मार्च निवडला तो आक्काने. गहू-हरभऱ्याची काढणी उरकलेली, शेजारणी सगळ्या गुलमर्गचे फोटो टाकून मोकळ्या झालेल्या. फक्त मोसंबीचा आंबे बहार धरलेला होता, फळ वाटाण्याएवढं. ते सोडून दाजींचा पाय निघेना. शेवटी धाकट्या भावाला बागेत बसवला, तारीख ठरली. तेवढ्यात भाच्याने मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, की गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या, पण बर्फच नाही म्हणून पुढं ढकलल्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ पडला, आणि आता त्या ९ ते १२ मार्चला होणार.

"म्हंजे पेरणी लांबली," दाजी म्हणाले.

"पप्पा, स्पर्धा आहे ती."

"तेच म्हणतो मी. तारीख धरली, पडलाच नाही. उशिरा पडल्यावर उरकून घेतली. आपण जूनला दुसरं काय करतो?"

भाच्याला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस दिल्लीच्या दिशेनं धावू लागली, तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढं श्रीनगरला विमानातून उतरेपर्यंत दाजी गुलमर्गला पर्यटनस्थळ मानायला तयार नव्हते. त्यांच्या लेखी ते एक कोरडवाहू गाव होतं. पाऊस पांढरा पडतो, एवढाच फरक.

श्रीनगरहून निघालेल्या गाडीच्या चालकाने या समजाला खतपाणी घातलं. गप्पांत त्याने सांगितलं, की काश्मीरच्या हिवाळ्याचे तीन हिस्से. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. खरा बर्फ पहिल्या चाळिसांत पडायला हवा. तोच टिकतो, तोच डोंगरावर साठतो, आणि उन्हाळ्यात नद्यांना पाणी देतो. पुढं पडलेला येतो आणि जातो. दाजी पुढच्या सीटवर सरसावून बसले. दोन हजारांवर किलोमीटर आल्यावर त्यांना अखेर नक्षत्रं पाळणारा माणूस भेटला होता.

"भाई, इसका वाहन क्या रहता?" त्यांनी विचारलं.

"टाटा सूमो, साहब," चालक म्हणाला. "बर्फ ज़्यादा हो तो चेन लगाके."

आक्का हसली नाही. तिला वाटलं, असेलही.

गुलमर्गच्या खाली तेरा किलोमीटरवर टनमर्ग लागतं. तिथं पर्यटकाला थांबवून कोट आणि गमबूट भाड्याने देतात. दुकानदार म्हणाला, वर उणे दहा आहे. त्याच्या स्वतःच्या कपाळावर घाम होता. दाजींनी ते टिपलं. पण गाडीतल्या तीन माणसांनी एकदा 'असू द्या की' म्हटल्यावर गावाकडच्या माणसाला फार ताणता येत नाही. कोट आले. ते कोट कुणाकुणाच्या अंगावरून आले होते, हे सांगायला पंचांगाची गरज नव्हती. आक्काने तर आतून ओढणीचं अस्तरच घातलं. वर पोचलो तेव्हा ऊन असं चकचकीत पडलेलं, की आमच्यासारखे सगळेच त्या कोटांत उकडून निघत होते. रांगेत मागे उभा असलेला सोलापूरकडचा एक गृहस्थ म्हणाला, "आमच्याकडं एवढं गरम होत नाही हो." त्यावर कुणी वाद घातला नाही, यावरूनच काय ते समजा.

गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर. तिथून गोंडोला निघतो. त्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंतचा, १९९८ मध्ये सुरू झालेला. दुसरा २००५ मध्ये अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळपास ३,९५० मीटरवर नेणारा. एवढ्या उंचीवरचा बर्फ बघायला जगभरातून स्की करणारे येतात. ते येतात जानेवारी-फेब्रुवारीत, कारण तेव्हाचा बर्फ कोरडा आणि हलका असतो, फुंकर मारली तर उडेल असा. आम्ही मार्चात गेलो. मार्चात तिथं वसंत ऋतू, आणि वसंतातला बर्फ हे वेगळंच प्रकरण आहे. ते आम्हाला पहिल्याच सकाळी नऊ वाजता कळलं. भाचा स्की बांधून उभा राहिला आणि काही न करताच दहा फूट लांब जाऊन बसला. उतार काचेसारखा कडक होता. वर ओरखडे, आदल्या दिवशीच्या पावलांचे आणि स्कीच्या चाकोऱ्यांचे साचे तसेच थिजलेले. भाच्याला उठवायला गेलेला मीही त्याच्याशेजारी बसलो. मग गप्पा मारत बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

दाजी मात्र वाकून तो बर्फ नखाने खरडत होते.

"ढेकूळ आहे," ते म्हणाले. "आत्ता वखर घातला तर पास मोडंल."

स्की शिकवणारा तिथलाच, टनमर्गकडचा तरणाबांड पोरगा होता. त्याला हे मराठी कळलं नाही, पण दाजींचा सूर कळला. तो म्हणाला, "अंकल, अभी नहीं. साढ़े दस तक रुको. बारा बजे तक मज़ा आएगा. दो के बाद सिर्फ़ कीचड़."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत जे होतं ते मी फाट्यावर फक्त एकदा पाहिलंय, सरकारने कापसाचा भाव त्यांनी सांगितला तेवढाच जाहीर केला तेव्हा.

"वापसा!" ते म्हणाले. "पोरा, ह्याला वापसा म्हणतेत."

आता ज्यांचा काळ्या जमिनीशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पाऊस पडून गेला की लगेच रानात औत घालता येत नाही. चिखल होतो, बैलाचे पाय रुततात, माती अवजाराला चिकटते. फार दिवस थांबलं तर माती दगडासारखी होते आणि ढेकळं निघतात. मधे थोडा वेळ असा येतो, की ओल बेताची, माती मोकळी, हातात मूठ आवळली तर गोळा होतो आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला तर फुटतो. तो वापसा. मुरमाड जमिनीत तो लवकर येतो आणि फार कटकट करत नाही. आमच्या काळ्या भारी जमिनीत तो येतो उशिरा आणि जातो पटकन. वाटूरच्या माणसाचा अर्धा जन्म या थोड्या वेळाची वाट बघण्यात आणि उरलेला अर्धा तो हुकल्याचं सांगण्यात जातो.

वसंतातल्या बर्फाचं गणित नेमकं हेच आहे, फक्त ते रोज नव्याने मांडावं लागतं. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो. रात्री आभाळ निरभ्र असलं, की बर्फाची उष्णता वर निघून जाते आणि तो ओला थर पुन्हा गोठतो. असं वितळणं-गोठणं बरेच दिवस चाललं, की जानेवारीतले नाजूक बर्फकण एकमेकांना चिकटून गोल, टपोरे दाणे होतात. सकाळी ते दाणे एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून काच. ऊन लागलं की आधी वरचे एक-दोन इंच सुटे होतात आणि खालचा थर कडकच राहतो. स्की करणाऱ्याला स्वर्ग तो हाच: वर मऊ, खाली भरवशाचं. आणखी ऊन लागलं की खालचाही धीर सुटतो, पाणी धरतो, आणि पाय घोट्यापर्यंत आत. पूर्वेच्या उताराला हे आधी होतं, मग दक्षिणेच्या, शेवटी पश्चिमेच्या. जाणते लोक उन्हाच्या मागे मागे उतार बदलत जातात. आणि रात्री ढग असले तर? मग गोठणंच होत नाही. सकाळी सातलाच चिखल.

"आभाळ असलं की आपल्याकडं बी थंडी पडत नाही," दाजी म्हणाले. "गव्हाला बाधतं."

साडेदहाला पोराने बर्फ मुठीत धरून दाबला आणि बघितला. दाजींनीही बर्फ मुठीत धरून दाबला आणि बघितला. दोघांनी एकमेकांच्या मुठी तपासल्या. मग कुणाला काही न सांगता दोघांनी एकाच वेळी मान हलवली, आणि भाच्याला उतारावर सोडण्यात आलं. मी आजवर दोन पक्षांच्या नेत्यांना इतक्या लवकर एकमत होताना बघितलेलं नाही.

भाचा त्या दीड तासात खरोखरच चार-पाच वेळा सरळ उभा राहून खाली आला. बाकीच्या वेळा आडवा आला. त्याचं श्रेय दाजींनी घेतलं. आक्का या काळात स्लेजवर बसली होती. स्लेज म्हणजे लाकडी फळी, तिला दोरी, आणि दोरीला एक माणूस. उतारावर ठीक, पण चढावर, पाणी सुटलेल्या बर्फातून, तो माणूस धापा टाकू लागला. आक्का खाली उतरली आणि त्याच्या शेजारून चालू लागली. त्याने विनवण्या केल्या, की मॅडम, बैठो, पैसे कम नहीं करूँगा. आक्काचं म्हणणं एकच, बैलगाडी चढाला लागली की माणसानं उतरायचं असतं. पैसे तिने ठरल्यापेक्षा जास्त दिले. फोटोत मात्र ती रिकाम्या स्लेजबरोबर चालताना दिसते, आणि शेजारणींनी त्याचा अर्थ असा लावला, की पैसे वाचवायला नुसता फोटो काढलाय.

साडेबाराच्या सुमारास हवामानाने आपले सगळे नमुने एका दमात दाखवायला घेतले. ऊन होतं ते गेलं. अफरवटच्या मागून करडा ढग आला. वारा सुटला, आणि गोंडोलाचा वरचा टप्पा बंद झाल्याची घोषणा झाली. रांगेतल्या लोकांनी वाऱ्याला नाही, तिकीट खिडकीला दोष दिला, माणसाचा स्वभाव. दहा मिनिटांत पुन्हा ऊन. मग पुन्हा ढग. आणि मग आभाळातून टपटप पांढरे मऊ गोळे पडू लागले, साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे.

आजूबाजूला एकच जल्लोष झाला. दिल्लीकर, गुजराती, पुण्याचे, सगळे हात पसरून वर तोंड करून नाचू लागले. कुणी गाणं लावलं. कुणी बायकोला उचललं, आणि ओल्या बर्फात ते त्याला झेपलं नाही.

आम्ही चौघं मात्र पळालो. ठरवून नाही, पाय आपोआप पळाले. आक्का "आगं माय, गारा!" असं ओरडत कोट डोक्यावर घेऊन चहाच्या टपरीत शिरली. भाचाही शिरला, हा इंजिनिअर होणारा मुलगा. दाजी पळता पळता खिशातून मोबाइल काढत होते. छपराखाली पोचताच त्यांनी गावी भावाला फोन लावला. पहिलं वाक्य होतं, "तिकडं आभाळ कसंय? गंजीवर ताडपत्री हाय का?"

स्की शिकवणारा पोरगा आमच्या मागे धावत आला. त्याला वाटलं, कुणाला तरी दुखापत झाली.

त्याला समजावणं सोपं नव्हतं. आमच्याकडं आभाळातून पांढरं काही पडलं, की कुणी नाचत नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा-विदर्भात दिवसांमागून दिवस गारा पडल्या. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं आणि मोसंबी सगळं झोडपून निघालं. ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना जिल्ह्यात पुन्हा तेच. तासाभरात रान पांढरंशुभ्र. त्या दिवशी गारांनी भरलेल्या शिवाराचे व्हिडिओ मोबाइलवरून गावोगाव फिरले. खाली लोकांनी लिहिलेलं, 'आपलं काश्मीर'. लिहिणारे बहुतेक नोकरीला लागलेले असावेत.

गारेचं आणखी एक दुखणं म्हणजे ती पुरावा मागे ठेवत नाही. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत तिचं पाणी झालेलं असतं, आणि पाणी तर तुम्ही विहिरीचंही सोडलेलं असू शकतं. आमच्या भावकीतल्या एकाने तेव्हा लिंबाएवढ्या चार गारा फ्रिजच्या वरच्या खणात जपून ठेवल्या होत्या. साहेब आले तेव्हा वीज गेलेली होती.

टपरीतल्या कहव्याचा पहिला पेला संपेपर्यंत दाजींना खात्री पटली, की पडतंय ते गारा नाहीत. त्यांनी एक गोळा बोटांत चिरडून बघितला. तो पिठासारखा भुगा झाला. भाच्याने सांगितलं, बर्फाचा कण खाली येताना ढगातले अतिथंड थेंब त्याच्या अंगावर गोठत जातात, म्हणून असा मऊ गोळा बनतो. गारेला उंच वादळी ढग लागतो, वर ढकलणारा जोरदार वारा लागतो, आणि ती वर-खाली हिंडत थरावर थर चढवून टणक होते. एवढ्यावर थांबला असता तर बरं. पण त्याने पुढं असंही सांगितलं, की हे सगळं घडवणारा वारा एकच आहे. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात ज्या पश्चिमी विक्षोभांच्या लाटा येतात, त्या काश्मिरात बर्फ पाडतात. त्यातली एखादी लाट वरच्या हवेत खूप दक्षिणेपर्यंत खाली वाकली, आणि बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून आलेली ओलसर हवा तिला आमच्या बाजूला भेटली, तर मराठवाड्यात गारा.

दाजी बराच वेळ बाहेर नाचणाऱ्या लोकांकडं बघत राहिले.

"म्हंजे इथं हे लोक पैसे देऊन नाचतेत," ते म्हणाले, "आन् तोच माल आपल्याकडं घरपोच येतो."

त्या संध्याकाळी हॉटेलात वीज मंद होती आणि भाच्याचा उत्साह प्रखर. त्याने मोबाइलवरून सगळ्या जगाच्या बर्फाचा दुष्काळ वाचून दाखवला. २०२४ च्या जानेवारीत हेच गुलमर्ग असं कोरडं पडलं होतं, की गवत दिसत होतं. उत्तराखंडातल्या औलीला २०२३ च्या फेब्रुवारीतल्या राष्ट्रीय स्की स्पर्धा बर्फाअभावी रद्दच झाल्या, आणि तिथं कृत्रिम बर्फ करणारी यंत्रं असूनही झाल्या. तशा यंत्रालाही आधी हवा पुरेशी थंड लागते. उबेत ते नुसतं पाणी शिंपडतं. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकचे उतार तर जवळजवळ पूर्णपणे यंत्राच्या बर्फाचे. भारताचा एकटाच खेळाडू होता तिथं, इथलाच, गुलमर्गच्या उतारांवर शिकलेला आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. स्की शिकवणारा पोरगा दारात उभा होता, त्याने हा आकडा पदकासारखा उच्चारला. बरोबरच होतं त्याचं. बर्फाची खात्री नसलेल्या गावातून बर्फाच्या खेळात एवढं जाणं ही काय गंमत आहे?

"आणि २०१० ला व्हँकुव्हरमध्ये," भाचा म्हणाला, "एका डोंगरावर बर्फच नव्हता. मग दुसरीकडून ट्रकने आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणला."

दाजी उठून बसले. "टँकर?"

"तसंच काहीसं."

"कॅनडात?"

"हो."

"मग फेऱ्या मोजायला कोण होतं?"

या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर नव्हतं. जालना जिल्ह्यात उन्हाळा काढलेल्या माणसाखेरीज तो कुणाला पडलाही नसता. सोचीला २०१४ मध्ये आदल्या वर्षीचा बर्फ आच्छादनाखाली झाकून उन्हाळाभर सांभाळला, हे ऐकल्यावर तर दाजी नुसते "शेततळं" एवढंच म्हणाले आणि समाधानाने आडवे झाले. जग कसं चालतं ते त्यांना कळलं होतं.

पण झोपण्याआधी त्यांनी त्या पोराला जवळ बोलावून एक गोष्ट विचारली, आणि ती मला त्या सहलीतली सगळ्यात शहाणी वाटली. जानेवारी कोरडा गेला तर तुमचं कसं भागतं? पोराने हिशेब सांगितला. स्की शिकवणारे, स्लेज ओढणारे, घोडेवाले, गमबूटवाले, सगळ्यांचं वर्ष त्या दोन-अडीच महिन्यांवर. बर्फ नाही तर बुकिंग रद्द, आणि कर्जावर घेतलेल्या स्कीचे हप्ते चालू. मग उशिरा मार्चात भरपूर पडतो, तेव्हा परदेशी माणूस निघून गेलेला असतो.

"विमा?" दाजींनी विचारलं.

पोरगा हसला. बर्फाचा विमा कुठला?

दाजींनी मग आमच्याकडच्या, तेव्हा चालू असलेल्या एक रुपयातल्या पीकविम्याची माहिती त्याला दिली: अर्ज कसा भरायचा, नुकसान झालं की बहात्तर तासांत कळवायचं कसं, आणि पैसे आले का ते दर आठवड्याला बँकेत विचारायचं कसं. पोरगा फार लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, आले का मग पैसे?

"इचारतो आहे," दाजी म्हणाले.

निघताना पोराने दाजींचा नंबर घेतला. आक्काला वाटलं, पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकासाठी. तसं नव्हतं. दर दोन-चार दिवसांनी त्याचा संदेश येऊ लागला: आज ऊपर पड़ा, आज नीचे बारिश, आज रात बादल, सुबह कीचड़. दाजी त्यावरून वाटूरचा अंदाज बांधू लागले. गुलमर्गात पडलं की दोन दिवस हरभरा उघड्यावर ठेवायचा नाही, असा नियमच त्यांनी केला. तो दर वेळी बरोबर येतो असं नाही. विक्षोभ काही वाटूरवरून जायला बांधील नाही. पण गंजीवर ताडपत्री राहते, तेवढं होतं. भाच्याने एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला, की एका ठिकाणच्या बर्फावरून दुसऱ्या ठिकाणचा पाऊस ओळखता येत नाही, त्यासाठी वरच्या हवेचे नकाशे लागतात. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग नक्षत्राचं गाढव कोणत्या नकाशात हाय?"

पुढं डिसेंबरात एका दुपारी त्या पोराचा फोन आला. दाजी कापसात होते, शेवटची वेचणी चालली होती. चिल्लई कलान लागून चार दिवस झालेत, वर आकाश निळंशार, टिपूस नाही, घरच्यांनी यंदा आणखी एक स्कीचा जोड घ्यायला पैसे काढलेत. तर दाजी, तुम्हाला काय दिसतं, कधी पडेल?

दाजींनी कापसाची ओटी सावरली. हवा कुणीकडून आहे ते विचारलं. मुंग्या दिसतात का विचारलं. बर्फाच्या गावात मुंग्या कुठल्या, पण पोराने बघून सांगतो म्हटलं. मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि एक तारीख दिली. आणि फोन ठेवताना बजावलं, "पंधरा-वीस दिवस इकडं-तिकडं धरून चाल."